सिंगापूर: कोरियन शिक्षकदिनाला नेलेली पांढरी शेवंती

या ब्लॉगवर आजवर मी घाट, किल्ले आणि धरणांच्या भिंती यांच्यापलीकडे फारसा गेलेलो नाही. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मोजमापं घेतलेल्या माणसाला परदेशाची हौस नसते, निदान मला तरी नव्हती. सिंगापूरला गेलो तो फिरायला नाही, मुलीला परत आणायला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उंच इमारतींचे फोटो बघायला आलेल्यांचा वेळ वाया जाणार नाही. वाटेतल्या कामाच्या गोष्टी मात्र नेहमीसारख्या सांगेन.

माझी बायको मेधा गेल्या सप्टेंबरात गेली. कोथरूडच्या एका मराठी शाळेत तिने सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आमची एकुलती एक सायली आईच्याच वळणावर गेली. फरक इतकाच, की ती सिंगापुरात कोरियन मुलांना इंग्रजी शिकवते. कोरियातल्या कंपन्यांनी तिकडे नेमलेल्या लोकांची ही मुलं, शाळा सुटली की तिच्या क्लासला येतात. तिचा करार मेअखेर संपत होता, आणि तो वाढवायचा की नाही हे तिने कळवायचं होतं. इकडे मेधाच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाई मला म्हणाल्या होत्या, "सायली येणार असेल तर जूनपासून जागा आहे." असलं काही फोनवर बोलायचं नसतं. मी आठ दिवसांचं तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी: व्हिसा एजंटमार्फत चार दिवसांत झाला. अरायव्हल कार्ड निघण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट असतं. पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. मुंबईहून साडेपाच तासांचं विमान. उतरल्यावर घड्याळ अडीच तास पुढे करा. मी केलं नाही, आणि पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाला संध्याकाळी पोहोचलो.

सायली बिशानला राहते. तिची फ्लॅटमेट महिनाभर गावी गेली होती, तिची खोली मला मिळाली. खाली उतरलं की पाच मिनिटांवर हॉकर सेंटर, म्हणजे छपराखाली पंचवीस-तीस गाळे आणि मध्ये टेबलं. चार-पाच डॉलरमध्ये पोटभर शाकाहारी नूडल्स मिळतात. एका डॉलरला सत्तरएक रुपये हा हिशेब मी पहिल्या दोन दिवसांतच सोडून दिला, नाहीतर घास उतरत नाही. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर तिथे बसू नका. ती जागा धरलेली असते.

पहिले तीन दिवस आम्ही दोघांनी सगळ्या विषयांवर बोलून घेतलं. माझं पेन्शन, तिची एमआरटी म्हणजे इथली मेट्रो, पुण्यातला उकाडा, इथला घाम. मेधाचं नाव कुणीच काढलं नाही. आठ महिने आमचं असंच चाललं होतं. सप्टेंबरात सायली घरी पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. मग अकरा दिवस राहिली, दाखले काढले, येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा बघितला, आणि परत गेली. ती रडलेली मला दिसली नाही. मी रडलेला तिला दिसला असेन, तर ती बोलली नाही.

चौथा दिवस पंधरा मे. हा कोरियन लोकांचा शिक्षकदिन. सायलीने सकाळी निघताना सांगितलं, "बाबा, तीनला क्लासवर ये. मुलांचा कार्यक्रम असतो. आणि हे बघ, काही आणू नकोस."

काही आणू नकोस म्हणाली की माणूस हमखास काहीतरी आणतो. लेक शिक्षिका, तिचा सत्कार, आणि बापाने हात हलवत जायचं? मी सकाळीच लिटिल इंडिया गाठलं. टेक्का मार्केटच्या आसपास फुलवाले बसतात. मोगरा, झेंडू आणि टपोरी पांढरी शेवंती. विक्रेते तमिळ, पण "शेवंती" म्हटलेलं त्यांना बरोबर कळतं. मेधा शेवंतीची वेणी माळायची, दसऱ्यापासून पार संक्रांतीपर्यंत. दुसरं कुठलं फूल माझ्या मनातही आलं नाही. वीस फुलं घेतली, खाली नुसता कागद गुंडाळला.

लिटिल इंडियाहून सिक्स्थ ॲव्हेन्यूला डाउनटाउन लाइनने थेट जाता येतं, गाडी बदलावी लागत नाही. आपलं बँकेचं कार्ड गेटवर टेकवलं तरी चालतं. डब्यात एका वयस्कर चिनी गृहस्थांनी माझ्या हातातल्या फुलांकडे पाहिलं आणि उठून मला बसायला जागा दिली. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठे असतील. मी मनात म्हटलं, केवढे संस्कार आहेत या देशात.

बुकित तिमाह हा पैसेवाल्यांचा भाग. बंगले, काँडो, आंतरराष्ट्रीय शाळा. क्लास मात्र साधा, दुकानांच्या रांगेवर दुसऱ्या मजल्यावर. बाहेर चपला काढायच्या. तिथेच छत्रीशेजारी मी फुलं उभी करून ठेवली. म्हटलं, सगळ्यांचं देऊन झालं की शेवटी आपण द्यावीत.

आत वीसेक मुलं होती आणि सात-आठ आया. सायलीने एकीशी ओळख करून दिली, "बाबा, ही जिहूची आई." मी नाव विचारलं तर सायली म्हणाली, "इथे सगळ्या अशाच असतात. जिहूची आई, सोहाची आई." आमच्या सोसायटीतही बंटीच्या आईचं नाव मला पंधरा वर्षांनी बंटीच्या लग्नपत्रिकेवर वाचून कळलं होतं. घरोघरी मातीच्या चुली.

जिहूची आई सावकाश, जपून इंग्रजी बोलायची. ती म्हणाली, "कोरियात आता शाळेतल्या शिक्षकांना काही देता येत नाही. कायदा कडक आहे. एक फूल द्यायचं तरी विचार करावा लागतो. खासगी क्लासला तो लागू नाही, म्हणून आम्ही इथे मन भरून देतो."

खरंच मन भरून देत होते. मूल पुढे यायचं, दोन्ही हातांनी भेट द्यायचं, कमरेत वाकायचं. कागदी लाल कार्नेशनची फुलं शिक्षकांच्या छातीवर टाचली. हँडक्रीम, जिनसेंगच्या गोळ्या, तांदळाच्या केकचे डबे, पेन्सिलीने खोडून-खोडून लिहिलेली पत्रं, आणि मोजे. सायलीबरोबर शिकवणारे स्कॉटलंडचे ॲलनसर माझ्या कानाशी म्हणाले, "पहिल्या वर्षी मला कळेना, मोजे कशाला? आता सात वर्षं झाली, मी मोजे विकत घेतलेले नाहीत."

मग माझी पाळी आली. मी बाहेर जाऊन फुलं घेऊन आलो आणि मुलांसारखीच दोन्ही हातांनी सायलीपुढे धरली. खोली एकदम शांत झाली. मला वाटलं, फुलांचा रुबाब बघून गप्प झाले. एका आईने मुलाला हळूच मागे ओढलं. सायलीचा चेहरा पांढरा पडला होता. ती मराठीत पुटपुटली, "बाबा, अरे, ही नाही आणायची."

समोर उभ्या असलेल्या सोहाने, वय असेल आठ, विचारलं, "टीचर, हू डाइड?"

मला तेव्हा कळलं. कोरियन लोकांत पांढरी शेवंती कुणी गेलं की वाहतात, दुसऱ्या कशाला नाही. एमआरटीतल्या त्या आजोबांनी जागा का दिली तेही कळलं, कारण चिनी लोकांतही तसंच आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरीचा सणाचा दिवस, तिच्या पोटापाण्याची माणसं समोर, आणि मी तिच्या हातात मयताची फुलं देत होतो. करार संपायला पंधरा दिवस उरलेले. तिने परत यावं असं मला हवं होतं हे खरं, पण असं नको होतं.

सायली काहीतरी हसून सांगेल असं मला वाटलं. "इन इंडिया" म्हणून तिने सुरुवातही केली. मग थांबली. फुलांकडे बघत राहिली आणि सोहाला म्हणाली, "माय मदर."

कुणालाच माहीत नव्हतं. आठ महिन्यांत तिने तिथे एका माणसाला सांगितलं नव्हतं. सप्टेंबरातली ती रजाही घरी काम आहे म्हणून घेतली होती. ॲलनसरांनी चष्मा काढला आणि तसेच उभे राहिले.

जिहूची आई पुढे आली. तिने टेबलावरच्या भेटी बाजूला सारल्या, माझ्या हातातली फुलं घेतली आणि रिकाम्या टेबलावर ठेवली. दोन पावलं मागे सरून ती वाकली, बराच वेळ तशीच राहिली. मग बाकीच्या आया आल्या. मग मुलं, कुणी न सांगता, ओळीने. जिला त्यांच्यापैकी कुणीही कधी पाहिलं नव्हतं अशा माझ्या बायकोला कोथरूडपासून हजारो मैलांवर वीस मुलांनी नमस्कार केला. सायली मुलांच्या एका बुटक्या खुर्चीवर बसली आणि रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो. मला खूप वाईट वाटत होतं आणि मोकळंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

संध्याकाळी आम्ही बिशानला परतलो आणि खालच्या हॉकर सेंटरमध्ये बसलो. दोन कोपी, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क घातलेली कडक कॉफी. "कोपी सी" म्हणालात तर साखर जरा आवरते. मी म्हटलं, "तिथे कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर रोज कुणीतरी विचारलं असतं, बरी आहेस ना. मला नुसतं शिकवायचं होतं, बाबा."

मग मी ते काढलं. मुख्याध्यापिकाबाई, जूनची जागा, सगळं. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "एक विचारू? शाळेला शिक्षिका हवी आहे म्हणून बोलावतोयस, की घरी कुणी नाही म्हणून?"

आयुष्यभर लोकांचे आकडे तपासले, खोटं बोलायला मला जमत नाही. "घरी कुणी नाही म्हणून," मी म्हणालो.

"मग मी येईन दिवाळीत, महिनाभर. त्यापेक्षा जास्त नाही. त्या मुलांना सोडून आत्ता नाही येता येणार, बाबा. आज पाहिलंस ना तू."

पाहिलं होतं. वाद घालायला काही उरलंच नव्हतं. शेजारचं टेबल पुसणारी म्हातारी आमचे रिकामे कप उचलायला लागली, तेव्हा सायलीने तिला थांबवलं आणि स्वतः नेऊन ठेवले. इथे आपलं ताट आपणच उचलून ठेवायचं, नाहीतर दंड होऊ शकतो. लक्षात ठेवा.

उरलेले दिवस आम्ही फिरलो. बोटॅनिक गार्डन फुकट आहे आणि दोन तास सहज जातात. सकाळी लवकर जा, दहानंतर ऊन सोसत नाही. मॅकरिची जलाशयाच्या काठाने जंगलातून चांगली पायवाट आहे. धरणवाल्या माणसाला तिथला बांध बघून बरं वाटलं. माकडांपासून पिशव्या सांभाळा. निघायच्या दिवशी जिहूच्या आईने तांदळाच्या केकचा एक डबा पाठवला होता, "टीचरच्या आईसाठी." सायलीने तो माझ्या हँडबॅगेत स्वतःच्या हाताने भरला. करारावर तिने आदल्याच दिवशी सही केली होती.

पुण्यात परत आलो त्याला आता तीन आठवडे झाले. मुख्याध्यापिकाबाईंना भेटून सांगून आलो, ती येणार नाही. त्या म्हणाल्या, "अरेरे." मी म्हटलं, अरेरे नाही. चहा घेऊन घरी आलो. ज्या कामाला गेलो होतो ते झालं नाही, हे मान्य करतो. घर आहे तसंच आहे. दुपारी जास्तच जाणवतं.

पण परवाच्या रविवारी सायलीचा फोन आला. हवापाणी झालं, आणि मग तिने नऊ महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं, "बाबा, आई शेवटी काही बोलली होती?"

ही एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली होती. मेधाच्या शेवटच्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला जवळच्यांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं होतं. मी फोन हातात घेतला होता. लावला असता तर संध्याकाळचं विमान तिला मिळालं असतं. मी तो रात्री लावला. तिला परत आणायला निघालो त्यात एकटेपणा होता तशी ही टोचणीही होती, आणि हॉकर सेंटरमध्ये खरं बोलताना एवढं मी बोललो नव्हतो.

मी सांगितलं. "मी तुला फोन लावत होतो. तिने माझा हात धरला. म्हणाली, आत्ता नका करू, वर्गात असेल ती."

मी विचारलं, "सायली, आहेस का?"

"आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "होते मी वर्गात."