बसच्या पुढे पळणारी भिंगरी

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं. ही पोरगी चालायला शिकायच्या आधी धावायला लागली, असं तिची आई सांगायची, आणि आई काही तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतली नव्हती. सदानकदा पायाला भिंगरी लागलेली, म्हणून भिंगरी. पुढे वर्तमानपत्रांनीही तेच छापलं.

मोठी झाल्यावर ती इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला लागली. तळघरातली लांबलचक खोली, वाफेनं पोपडे धरलेल्या भिंती. एका बाजूनं ओल्या चादरी गरम रुळांत सरकवायच्या, दुसऱ्या बाजूला दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या. तिथे उन्हाळा आणि हिवाळा असा भेदच नव्हता. पण भिंगरीला काम आवडायचं, कारण बायका दिवसभर हसायच्या.

कामाला न्यायची बस तिच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची आणि तिची ती रोज चुकायची. सकाळी डोळा उघडायचा नाही, दुसरं काय! मग ती बसच्या मागे पळत सुटायची. एके दिवशी ड्रायव्हरला दया आली. त्यानं बस थांबवून डोकं बाहेर काढलं.

"अहो बाई, चढा ना आत! रोज काय हे?"

"तुम्ही व्हा पुढे. पुढच्या स्टॉपवर तुमची माणसं चढेपर्यंत मी पोचते."

आणि पोचली की! त्याच्याही पुढच्या स्टॉपवर तर ती बसच्या आधी हजर. प्रवाशांना रोजची करमणूक झाली. ते खिडक्यांना नाकं लावून बसायचे आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "ड्रायव्हरसाहेब, उतरून धक्का मारू का?"

काही महिन्यांनी ड्रायव्हरनं हात टेकले. इस्पितळाच्या फाटकाशी बस उभी करून तो खाली उतरला आणि म्हणाला, "एक तर बसमध्ये बसा, नाहीतर माझ्याशी लग्न करा. परक्या माणसाकडून रोज हरणं बरं दिसत नाही. घरच्याच माणसाकडून हरलो, तर कुणी हसणार नाही."

भिंगरी इतकी हसली की त्या दिवशी तिला कामावर खरोखरच उशीर झाला. लग्नही झालं.

सासूबाई कपडे शिवायच्या. पुढच्या खोलीत मशीन, भोवती कापडांचे ढीग, आणि तोंडात कायम दोन-चार टाचण्या. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीच्या दिवशी शेजारणीनं विचारलं, "सूनबाई दिसत नाहीत?"

"पळायला गेलीय," सासूबाई टाचण्यांतून म्हणाल्या.

शेजारणीनं ऐकलं, "पळून गेलीय." अर्ध्या तासात अख्खी गल्ली सांत्वनाला जमली. तेवढ्यात घामाघूम सून दारात उभी! तिला बघून जमलेल्यांतल्या दोघीजणी चांगल्याच हिरमुसल्या.

शहराच्या मॅरेथॉनमध्ये तिचं नाव नवऱ्यानंच घातलं. भिंगरीला शर्यत म्हणजे काय ते कुठे ठाऊक? ती बाण सुटल्यासारखी सुटली. नदीवरच्या पुलापर्यंत सगळ्यांच्या पुढे. पूल ओलांडला आणि पायांची लाकडं झाली. एकेक बाई पुढे निघून गेली, मग पिसांची टोपी घातलेले एक आजोबा गेले, तेही जाता जाता टोपी काढून नमस्कार करून. ती शेवटच्या रेषेपाशी पोचली तेव्हा माणसं तिथली कमान उतरवत होती.

सासूबाई गरम सूपचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. सुनेच्या मांड्या घासून लाल झालेल्या पाहिल्या आणि कडाडल्या, "ही शिवण कुणी घातलीय? हे काय पळायचे कपडे झाले?" दुसऱ्या दिवशी मापं घेऊन त्यांनी नवी चड्डी शिवली. शिवणी चपट्या आणि सगळ्या बाहेरच्या बाजूला. माप घेता घेता म्हणाल्या, "आणि काय गं, निघतानाच एवढी घाई? मशीन आधी सावकाश चालवतात. दोरा बसला, की मग पाय दाबायचा."

नवरा सुट्टीच्या दिवशी सायकलवरून तिच्या सोबतीला यायचा. शहरातला चढ न् चढ त्याच्या हाताखालून गेलेला. "इथे मी गिअर खाली घेतो," तो ओरडायचा.

"मी बस नाहीये!"

"तेच तर! बस तुझ्यापेक्षा शहाणी आहे."

कुरकुरत का होईना, तिनं दोघांचंही ऐकलं. पुढच्या वर्षी शहराची शर्यत तिनं मारली आणि त्याच्या पुढच्या वर्षी थेट राष्ट्रीय अजिंक्यपद. मग सलग तीन वर्षं तिला कुणी हात लावू शकलं नाही. लॉन्ड्रीतल्या बायकांनी एका चादरीवर रंगानं 'आमची भिंगरी' लिहून ती दारावर टांगली. मुकादमबाई तणतणत आल्या, "इस्पितळाची चादर रंगवली?" मग मान तिरकी करून बघत राहिल्या. "निदान अक्षरं तरी सरळ काढायची!"

मग मुलगी झाली. घरात आनंदीआनंद, पण बाहेर जो तो म्हणायला लागला, झालं, आता कसलं पळणं! एका वर्तमानपत्रानं तर तिला निरोपच देऊन टाकला. शेजारीच नव्या विजेतीचा फोटो होता. बँकेत काम करणारी, भिंगरीपेक्षा वीतभर उंच. भिंगरीनं तिचं नाव तिथल्या तिथे 'लांबडी' ठेवलं आणि तो कागद बाळाच्या दुपट्याखाली घालून टाकला. पोटात मात्र काहीतरी जळत होतं.

बाळ वर्षाचं व्हायच्या आत ती पुन्हा पळायला लागली. पहिल्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावरच धाप लागली आणि ती तिथल्या न्हाव्याच्या बाकावर बसून पोटभर रडली. न्हावी बापडा मुकाट्यानं टॉवेल देऊन आत गेला. दुसऱ्या दिवशी ती त्या बाकाच्या पुढे गेली.

पुढच्या राष्ट्रीय शर्यतीत लांबडीशी गाठ पडली. सुरुवातीला दोघींनी एकमेकींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अर्ध्याहून जास्त अंतर दोघी खांद्याला खांदा लावून पळत होत्या. पाण्याच्या टेबलावर भिंगरीचा हात लागून तिचीच बाटली घरंगळली आणि गर्दीच्या पायांत गेली. ऊन मी म्हणत होतं. तिनं मनातल्या मनात शर्यतीवर पाणी सोडलं, तोच एक लांब हात समोर आला. हातात अर्धी भरलेली बाटली.

"घे," लांबडी समोर बघत म्हणाली. "तहानेनं हरलीस, तर मला काय मजा?"

शेवटच्या वळणापर्यंत दोघी बरोबर होत्या. लांबडी जिंकली, तेही छाती पुढे टाकून, जेमतेम. भिंगरी गवतावर आडवी झाली आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला वाईट वाटत नाहीये. पोटातलं ते जळणं कुठे गेलं कुणास ठाऊक!

"पुढच्या वर्षी?" तिनं विचारलं.

"ये की," लांबडी धापा टाकत म्हणाली, "पण बाटली नीट धर."

पुढच्या वर्षी भिंगरी आली, जिंकली आणि देशाचा विक्रमही करून बसली. त्यानंतर कधी ही, कधी ती. दोघी सरावही एकत्र करायला लागल्या. बडबड एवढी चालायची, की भिंगरीचा नवरा वैतागून सायकल पुढे काढायचा.

दोघींच्या शेवटच्या शर्यतीत भिंगरी पाचवी आली आणि लांबडी तिच्या मागोमाग सहावी. बूट काढून दोघी कुंपणाशी पाय पसरून बसल्या. दहा वर्षांची लेक कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"आई, तुझ्यापुढे चारजणी होत्या!"

"मागे किती होत्या ते मोज," भिंगरी म्हणाली.

लेकीनं ते मनावर घेतलं. ती कुंपणावर चढली आणि येणाऱ्या एकेका बाईला मोठ्यानं आकडा द्यायला लागली. एव्हाना सगळ्यांना भूक लागली होती, आजी दोनदा हाक मारून गेली, बाबांनी डोळे वटारले, पण पोरगी काही खाली उतरायला तयार नव्हती. अजून लोक येतच होते.