आत्याचा आवाज आणि माझा अँप्लिफायर

कॉलेजातल्या मैत्रिणीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या गावात, सुकापुरात, अजून भाताची शेतं होती आणि मला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्याचा भलताच माज होता. मैत्रिणीची आत्या धवलारीण. हळदीला, लग्नाला धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायला आगऱ्यांच्या घरोघरी तिलाच बोलावणं. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिच्या गाण्यावर रडलेल्या. पण त्या वर्षी तिचा आवाज पार बसला. मैत्रिणीच्या भावानं सांगून टाकलं, "आत्याचा आवाज मांडवाभायेर जात नाय. आपन कॅसेट लावू."

मैत्रीण हट्टाला पेटली. आत्या गाणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही, म्हणाली. मी लगेच छाती पुढे काढून सांगितलं, अँप्लिफायर मी बनवते.

हळदीच्या दुपारी ओटीवर माझा डबा मांडला, भोंगा मांडवाच्या खांबाला बांधला. टेपरेकॉर्डर जोडून पाहिला, तो दणदणीत वाजला. मग माइक जोडला, आत्या गायली, तर भोंग्यातून डास गुणगुणल्यासारखा आवाज! भाऊ कॅसेट हातात घेऊनच उभा. असा संताप आला मला! टेपचा सिग्नल मुळातच दणकट, माइकचा अगदी नाजूक. म्हणजे माइकसाठी लावलेला पहिला ट्रान्झिस्टर आवाज वाढवतच नव्हता, गेन तिथेच कमी पडत होता. व्होल्टेज मोजलं, बरोबर. ट्रान्झिस्टर बदलला, तरी तेच.

"आत्या, थांबू नका, गात राहा," मी सारखी ओरडत होते.

गाऊन गाऊन आत्या वैतागली आणि धवल्याच्या चालीवर तिनं मलाच धरलं.

"शिकली गो बाय शिकली, पन डब्यान आवाज नाय गो..."

ओटीवरच्या बायका खिदळायला लागल्या. मी दातओठ खात स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीनं एकेक पार्ट ढोसत होते. ट्रान्झिस्टरच्या एमिटरवरच्या कपॅसिटरला धक्का लागला मात्र, "आवाज नाय गो" अख्ख्या सुकापुरावर घुमलं! शेतातली माणसं वळून बघायला लागली. ट्रान्झिस्टरचा गेन वाढतो तो त्या कपॅसिटरमुळे, आणि त्याचाच एक पाय सोल्डरमध्ये नुसता टेकला होता, धरलेला नव्हता. हसत हसतच मी तो पुन्हा सोल्डर केला. भावानं कॅसेट खिशात घातली आणि माइक धरायला स्वतःच पुढे झाला.

संध्याकाळी नवरी पाटावर बसली. आत्यानं पहिला सूर लावला आणि स्वतःच्याच आवाजानं ती दचकली. माइकवर हात ठेवून मला म्हणाली, "ए बाय, जरा बारीक कर. नवरीला रडवायची हाय, पलवायची नाय!"

मी बटण फिरवलं. पाटावर मैत्रीण तोवर हसता हसता हुंदके द्यायला लागली होती.