सरड्याखालची जमीन

आमच्याकडे माणूस गेलं की ज्या जागी त्यानं जीव सोडला तिथं पीठ पसरतात. पिठात दिवा ठेवतात आणि वर बांबूची टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर कोणाचं पाऊल उमटलं ते बघायचं. ज्याचं पाऊल, त्याचा जन्म मेलेल्याला मिळाला म्हणे. हे मी लहानपणापासून बघत आलो. कधी तोंड उघडलं नाही, कारण मेलेली माणसं दुसऱ्यांची होती.

माझी बायको गेली तेव्हा माझ्याच मागच्या पडवीत पीठ पसरलं. सकाळी थोरल्या वहिनीनं टोपली उचलली. पिठावर बारीक नखांच्या खुणा, आणि मधून शेपटी ओढल्याची रेघ.

"माय वो! सरडा झाली," वहिनी म्हणाली.

बायका हळहळल्या. एक तर बोललीच, "काई तरी पाप राह्यलं असन बिचारीचं."

माझं डोकं तापलं. जिनं जन्मभर तळ्यातली मासोळी डोक्यावर घेऊन गावोगाव विकली, जी कोणाच्या बाळंतपणाला नाही म्हणाली नाही, तिचं पाप ह्या शोधत होत्या. तेही तिच्याच पडवीत बसून.

"दिव्यावर किडे येतात, किड्यावर पाल येते," मी म्हणालो. "टोपलीले भोक आहे. एवढीच गोष्ट."

"दुःखात माणूस असंच बोलते, भाऊजी."

बरं, तुमचंच खरं. पण पुढं काय झालं ते ऐका. त्याच दुपारी कुंपणावर सरडा दिसला. वहिनीनं लांबूनच हात जोडले, पदर डोळ्याला लावला. आणि थोड्या वेळानं तिच्याच घरची लेकरं त्याला दगड मारत होती! सरडा दिसला की दगड उचलायचा ही आमच्या गावातल्या लेकरांची जुनी खोड. पण सकाळी तुम्हीच सांगता की बाई सरडा झाली, मग दुपारी लेकरांना आवरायला तोंड नव्हतं का? मी काठी घेऊन धावलो. लेकरं पळाली. सरडा खाली पडला होता, मागचा एक पाय लोंबत होता. गळा लालभडक.

"हा नर आहे, वहिनी!" मी ओरडलो. "गळा पाहा. माझी बायको नर कशी झाली?"

"जलमात बाई-गडी असं काई नसते, भाऊजी."

ते जनावर म्हणजे ती, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण एक गोष्ट मनात पक्की बसली. हा सरडा माझ्या दारात मरता कामा नये. मेला असता तर ह्याच बाया पुन्हा जमल्या असत्या, पुन्हा रडल्या असत्या आणि तिच्या नावावर आणखी एक पाप लावून गेल्या असत्या. ती एकदा मेली तेवढं पुरे होतं.

किराणा दुकानातून चहापत्तीचं लाकडी खोकं आणलं. तोंडावर जुन्या जाळ्याचा तुकडा ताणून खिळे ठोकले. आता खाली काय घालायचं? मोडक्या पायाचं जनावर दिवसभर खालीच पडून राहणार, म्हणजे खालचं महत्त्वाचं. मी मिलवरून तूस आणून घातलं. धानाच्या मुलखात तुसाला काय तोटा! कोंबडी अंड्यावर बसवताना बायकोही टोपलीत तूसच घालायची. पण कोंबडी दाणा वेचून खाते, सरडा झडप घालतो. एक नाकतोडा धरला की तोंडात चार तुसं. त्यांची टोकं जबड्यात रुतली. ती मी बोटांनी काढत बसलो आणि माझ्याच बोटाला तो चावत बसला.

माझा शेजारी राइस मिलवर हमाली करायचा. तो कुंपणावरून बघत होता.

"काऊन भाऊ, वहिनीले तुसावर निजवून राह्यले का?"

माझ्या बायकोवरून असं बोलला म्हणून त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं.

"सरडा म्हणजे रेतीतला जीव," तो म्हणाला. "नदीची रेती टाका. उन्हानं गरम राहते, त्याले मानवते."

बोलणं वंगाळ, पण ऐकायला बरोबर वाटलं. सायकलवर वैनगंगेची बारीक रेती आणली, पसरली. दिसायला साजरी दिसली. सरडा मुंगळे खायला लागला. खायचा, पण हगेना. पोट फुगून टणक झालं. डोळे मिटून कोपऱ्यात पडून राहायचा. मुंगळ्याबरोबर रेती पोटात जात होती आणि तिथंच बसत होती. मी शेजाऱ्याला हाताला धरून आणलं.

"सरडा कुठी राहते? झाडावर, कुंपणावर. रेतीत राहते हे कोणं सांगितलं तुले?"

"टीव्हीवर पाह्यलं, भाऊ. मोठा वाळवंट होता. त्यात काट्यावाला सरडा होता, दाढी फुगवत होता."

"मंग त्या टीव्हीतल्याले टाक रेती! माह्यावाल्याले काऊन मारतेस?"

तो हसला. मी हसलो नाही.

लेक ब्रह्मपुरीहून आली होती, दहाव्यापर्यंत राहणार होती. ती रडायची आणि रडता रडता माझ्यावर चिडायची.

"मायसाठी डोळ्यात पाणी नाई बाबा, अन् सरड्यासाठी गावभर भांडून राह्यले."

"भांडता येते म्हणून भांडतो," मी म्हणालो. "रडता येत नाई."

 मग तिनंच परातीत कोमट पाणी घेतलं. सरड्याला गळ्यापर्यंत पाण्यात धरलं आणि पोटावरून हलकं बोट फिरवलं, तान्ह्या लेकराचं पोट चोळतात तसं. संध्याकाळी पुन्हा केलं. तेव्हा लेंडी पडली, निम्मी रेतीच. लेक हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

रेती फेकली. लेकीच्या म्हणण्यावरून पेपर अंथरला. पेपरावर नख धरत नव्हतं. सरडा उठायला गेला की लोंबता पाय आणखी फाकायचा. पेपरही चुलीत घातला. तूस तोंडात जातं, रेती पोटात बसते, कागदावर पाय निसटतो. असलं काही हवं होतं की सुटं नसावं आणि गुळगुळीतही नसावं. डोकं चालेना. रागाच्या भरात मी खोक्याचा तळच उचकटून काढला आणि बिनतळाचं खोकं पडवीत जमिनीवर ठेवलं, बायको निजायची त्या कोपऱ्यात.

सरडा खाली बसला. मग नखं रोवून उठला. लोंबता पाय हळूच टेकवला, आणि घसरला नाही.

ती जमीन तिनं अंथरूण धरायच्या आधी सारवली होती. शेणमातीचं वाळून टणक झालेलं, त्यावर बोटांच्या कमानी एकावर एक. मी मिलवर गेलो, नदीवर गेलो, आणि पाहिजे ते घरातच. ती होती तेव्हाही असंच व्हायचं. वस्तू डोळ्यासमोर, आणि मी ओरडतोय, कुठी ठेवली?

दहाव्याच्या दिवशी वहिनी शेणाची बादली घेऊन आली. सुतक फिटायला घर सारवावं लागतं. पुढची खोली झाली, चुलीपुढचं झालं. सारवत सारवत ती पडवीत आली.

"खोकं उचला, भाऊजी."

"ओल्या शेणात त्याचा पाय फसन. राहू द्या तेवढं."

"असं कसं राहू द्या? जिथी जीव गेला तीच जागा तर पहिले सारवा लागते. सरड्यापायी सुतक धरून बसता का?"

तेव्हा मात्र मला सहन झालं नाही.

"सरडा? त्या दिवशी तर तुमीच म्हणल्या न, ही तीच आहे म्हणून! हात जोडले! मंग तिच्या अंगाखालची जमीन काऊन काढता?"

वहिनी बादली धरून उभी राहिली. लेक दारात उभी.  मग वहिनी खाली बसली आणि खोक्याच्या भोवतीनं सारवून गेली. तिचा हात तिरपा चालतो, माझ्या बायकोचा गोल चालायचा.

वहिनी घरी गेल्यावर लेक खोक्याजवळ बसली.

"बाबा," ती म्हणाली, "मायच्या हातचं आता एवढंच राह्यलं."

मी तळ्याकडे निघून गेलो.

सरड्याचा पाय वाकडा जुळला, पण जुळला. मी जाळी काढली आणि त्याला कुंपणाजवळ सोडलं. काटकीवर चढला, मान दोनदा वरखाली केली आणि गेला. वहिनी समोरच होती. तिनं पुन्हा हात जोडले.

"मोकळी झाली बिचारी."

"सरडा मोकळा झाला, वहिनी," मी म्हणालो. "ती कवाचीच गेली. तुमाले काई म्हणाचं असन तं सरड्याले म्हणा, तिले नका म्हणू."

आता जावई म्हणतो, फरशी टाकू, मातीचे पोपडे निघून राह्यले. टाक म्हटलं, पण त्या कोपऱ्याला हात लावायचा नाही. खोकं अजून तिथंच आहे. नवीन माणूस आलं की विचारतं, आत काय ठेवलं?

मी सांगतो, काई नाई. जमीन आहे.