आवाज काढून टाकल्यावर

भुतंखेतं, करणी, अंगात येणं... आमच्या लालबागच्या चाळीत या सगळ्याची टिंगल करायचं कंत्राट माझ्याकडे होतं. तेव्हा तुमच्याआधी मीच स्वतःला हसून घेतो.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत फिटर होते. अर्धांगवायूने बोलणं गेलं, पेन धरता येईना. मान सतत हलते, त्यात हो कुठलं आणि नाही कुठलं कळत नाही. एका बोटाने टाइप करतात, कॉम्प्युटर मोठ्याने वाचतो. त्याचा पहिला शब्द होता "गाढवा". मला उद्देशून.

थोरला नंदूदादा अप्पांच्या नावावरची ही चाळीतली खोली विकायच्या मागे होता. अप्पांनी टाइप केलं होतं, "त्याला येऊ दे. तोंडावर सांगतो."

दादा येणार त्या सकाळी बायकोने घर आवरायला घेतलं आणि मी कॉम्प्युटर. त्यावरची माझी लिनक्स सिस्टीम असली, की प्रत्येक प्रोग्रॅम मूळ कोडपासून घरीच बांधायचा — हौस! कुठल्या प्रोग्रॅमला काय लागतं याची नोंद तो बांधला तेव्हाचीच राहते. पुढे बनवणाऱ्यांनी यादी सुधारली, तरी आपल्याकडे जुनीच. म्हणून साफसफाईआधी बदललेल्या याद्या बघून ते प्रोग्रॅम पुन्हा बांधायचे असतात. त्यात वेळ जातो, खोली तापते. मी कंटाळा केला, थेट साफसफाईची, म्हणजे कुणालाच लागत नाही ते उडवायची, कमांड दिली. बोलणाऱ्या प्रोग्रॅमच्या जुन्या नोंदीत आवाजाचं पॅकेज नव्हतंच. म्हणजे ते कुणालाच लागत नाही असं ठरलं... आणि उडालं.

"बोला अप्पा, विकूया ना?" दादा म्हणाला.

अप्पांनी प्रोग्रॅम उघडला. विंडो आली, मिटली. पुन्हा आली, मिटली. काय उडालंय ते माझ्या लक्षात आलं. दुसरं काहीतरी उघडून त्यात टाइप करू द्यावं, हे काही या इंजिनीअरला सुचलं नाही.

"राहू दे रे," दादा मला म्हणाला. "नाही म्हणायचं असतं तर एव्हाना शिव्या घातल्या असत्या त्यांनी."

अप्पांनी हात मांडीवर ठेवला. कीबोर्डजवळ कुणीच नव्हतं. आणि स्पीकरमधून, त्याच सपाट आवाजात —

"नाही."

बायको कपबश्या घेऊन दारातच थांबली.

"तू केलंस?" दादाने मला विचारलं.

"मी कशाला? आवाजाचं पॅकेजच नाहीये यात. मीच काढलंय सकाळी."

"मग बोलला कसा?"

"बोलूच शकत नाही," मी म्हणालो. टेक्निकली अगदी बरोबर.

"मग ते अप्पांचं नव्हे ना!" दादाने विक्रीचे कागद पुढे ओढले, शाईचं पॅड उघडलं, अप्पांचा अंगठा धरला. अप्पा दादाकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

नंतर मी सगळं शिस्तीत केलं — याद्या, पुन्हा बांधणी. लॉगही चाळले. त्या क्षणी प्रोग्रॅम चालूच नव्हता. ते "नाही" कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही.

आता ठाण्यापलीकडे राहतो. कॉम्प्युटर अप्पांच्या पलंगाशी ठेवलाय, आवाज ठणठणीत आहे. रोज मी प्रोग्रॅम उघडून देतो. अप्पा एक अक्षर टाइप करत नाहीत...

"गाढवा"सुद्धा नाही.