चार बोटं माया

ताई कपडे शिवत नसे, दुरुस्त करीत असे. तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, वरच्या मजल्यावर, कपडे घालून बघायच्या खोल्यांमागे तिचं मशीन होतं. गिऱ्हाईक लांब पँट घालून आरशासमोर उभं राही, ताई ओठांत टाचण्या धरून गुडघ्यांवर बसे आणि कापड दुमडून खूण करी. मग ठरलेलं वाक्य येई, "कापा, पण आत थोडी माया ठेवा हं." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, ती माया. उद्या अंग भरलं, उंची वाढली, तर उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. हा शब्द ज्याने कोणी शोधला त्याच्या घरात भाऊ-भावजय नक्की असणार, असं ताईचं अलीकडे ठाम मत झालं होतं.

कारण पन्नाशी ओलांडल्यावर ताईने परदेशी जायचं ठरवलं होतं. एकटीने. आठवडाभर, समुद्राकाठच्या एका लहानशा शहरात. का, म्हणाल तर का नाही. तिथे तिचं कोणी नव्हतं, काही काम नव्हतं, आणि नेमकं तेच कोणाच्या पचनी पडेना.

पासपोर्ट आला तोवर घरात सगळे गंमत समजत होते. व्हिसा आला आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं.

"एकटी?" छोट्याने विचारलं. छोट्या म्हणजे धाकटा भाऊ. मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी घरात छोट्याच.

"एकटी."

"हो, पण सोबत कोण?"

"अरे, एकटी म्हणजे सोबत कोणी नाही. कोणी असतं तर दुकटी म्हणाले असते ना!"

भावजय भांडी पुसता पुसता म्हणाली, "पण ताई, तिथे काही छान दिसलं, तर 'अय्या, बघ' म्हणायला तरी कोणी नको का?"

ताईने उरलेली भांडी तिच्या हातून ओढून घेतली आणि खडखडाट करत स्वतःच पुसली. प्रश्न बिनतोड होता, म्हणूनच तिचा जास्त संताप झाला.

त्या दिवसापासून तिच्या सहलीला जो तो माया ठेवू लागला. छोट्याच्या ऑफिसातल्या कोणाचा तरी मावसभाऊ त्या शहरापासून तीन तासांवर राहत होता, तर तो विमानतळावर घ्यायला येणार, असं परस्पर ठरलं. सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. ताई कुठे फिरतेय ते घरबसल्या दिसावं म्हणून तिच्या मोबाईलमध्ये काहीतरी टाकलं. भावजयेने गळ्यात अडकवायची शिट्टी आणली. "कोणी अंगावर आलं तर वाजवायची," ती म्हणाली. दुकानाच्या मालकांनीसुद्धा रजा देताना आधी "भाऊ काय म्हणतात?" असं विचारलं. बावीस वर्षं त्या माणसाच्या दुकानात ताई गुडघ्यांवर बसत आली होती, आणि रजेला मात्र भाऊ लागत होता.

कोणी शत्रुत्वाने वागलं असतं तर चार शब्द सुनावून ताई मोकळी झाली असती. इथे सगळे प्रेमाने गळा धरत होते. ओरडावं तर कोणावर? ओरडली की "ताईची तब्येत बरी नाही वाटतं," म्हणून आणखी एक काळजी वाढायची.

तरी हे सगळं तिने गिळलं. शिट्टीसुद्धा पर्समध्ये टाकली. एकच गोष्ट तिला हवी होती, ती म्हणजे विमानाच्या दारातून एकटीने आत शिरणं. तेवढं मिळालं की बाकी काय वाटेल ते सोसायची तिची तयारी होती.

तिकीट घ्यायला ती गेली, तेव्हा एजंटने हसतमुखाने स्क्रीन तिच्याकडे वळवली. शेजारशेजारच्या दोन सीटा.

"ही दुसरी कोणाची?"

"तुमच्या भावांचा फोन आला होता ना. त्या मॅडमचं तिकीट झालंसुद्धा. तुमच्या वहिनींच्या बहीण. खोलीही एकच घेतलीय, म्हणजे तुम्हाला कंटाळा नको." आणि मग जरा चाचरत, "तुम्हाला सांगितलं नाही का? सरप्राइज असेल."

भावजयेच्या या थोरल्या बहिणीला सगळे नातेवाईक रेडिओ म्हणत. रेडिओ निदान बंद तरी करता येतो.

ताईने स्क्रीन परत एजंटकडे वळवली. "माझं तिकीट एक आठवडा आधीचं करा. खोली वेगळी. हॉटेलही वेगळं."

"एकदा भावांना विचारून घ्या ना."

"का? ते चाललेत का?"

"तसं नाही, पण त्या मॅडम बिचाऱ्या एकट्या पडतील."

"पडू द्या. त्यांनाही मजा येईल."

तिकीट पर्समध्ये घालून ती बसमध्ये बसली, आणि घर येईपर्यंत तिने तीनदा पर्स उघडून ते जागेवर आहे ना बघितलं.

घरी जे व्हायचं ते झालं. भावजय रडली, बहिणीला आता काय तोंड दाखवू म्हणाली. छोट्या खोलीभर येरझाऱ्या घालत होता. "आम्ही एवढं मायेने करतो, आणि तुला त्याची काही किंमतच नाही?"

माया हा शब्द दिवसभर ऐकणाऱ्या बाईसमोर त्याने तो काढायला नको होता.

"माया?" ताई उठून उभी राहिली. "आई कामावर जायची तेव्हा तुझ्या शाळेच्या पँटी कोण शिवायचं? मी! चार बोटं माया ठेवायची मी आत. दरवर्षी टाके उसवायची आणि पँट खाली सोडायची. का? तर तू वाढत होतास म्हणून! माया आत ठेवतात रे, आणि ठेवतात ती वेळ आली की सोडण्यासाठी. तुमची ही सगळीकडून बाहेर लोंबतेय आणि माझ्या पायात येतेय!"

छोट्याच्या येरझाऱ्या थांबल्या. ताई खोलीत गेली, आणि दार लावून बॅग भरायला लागली. एवढं बोलायला नको होतं, असं वाटत होतं. याहून जास्त बोलायला हवं होतं, असंही वाटत होतं.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात निघाली, चप्पल घालत होती, तर छोट्या दारात येऊन उभा राहिला. वर न बघता म्हणाला, "विमानतळावर सोडायला तरी येऊ ना?"

ताईने दुसरी चप्पल सावकाश पायात सरकवली.

"ये," ती म्हणाली. "पण नुसतं सोडायला."