टेकायची बंदूक

आमच्या घरात एक बंदूक होती आणि ती माझ्या सासऱ्यांची काठी होती. लग्न होऊन सोनईच्या अलीकडच्या या वस्तीवर आले तेव्हा मला सगळ्यात पहिली जी सूचना मिळाली ती चुलीची नव्हती की विहिरीची नव्हती. कोपऱ्यातल्या काळ्या काठीला हात लावायचा नाही, ही होती. मी शाळेत विज्ञान शिकवते. हात लावू नका म्हटलं की माझा हात आधी तिकडेच जातो. पहिल्याच आठवड्यात घरात कोणी नाही असं बघून मी ती उचलली. साध्या काठीच्या दुप्पट जड होती आणि ऐन मे महिन्यात गार लागत होती.

बाहेरून काळं रोगण, वर शिंगाची वाकडी मूठ, आत पोलादी नळी. मूठ पिळली की निघायची, तिथून करंगळीएवढं काडतूस आत सारायचं, मूठ परत पिळून बसवायची आणि मागे ओढायची. ओढली की एक इवलासा चाप पोटातून बाहेर यायचा. नेम धरायला माशी नाही, खांद्याला लावायला दस्ता नाही. आजेसासरे तरुणपणी भंडारदऱ्याच्या धरणावर एका गोऱ्या साहेबाच्या चाकरीत होते, जाताना साहेबाने खूश होऊन ही दिली, असं सासरे सांगायचे. चुलतसासऱ्यांच्या मते साहेबाने दिली नव्हती, साहेब विसरला होता. खरं-खोटं त्या साहेबाला माहीत.

ती काही चोरीची नव्हती. तिचा रीतसर परवाना होता, पीकसंरक्षणाचा, आणि वडिलांच्या मागे तो सासऱ्यांच्या नावावर झाला होता. पीक तिने किती राखलं हे विचारू नये. मी आल्यापासून तिच्यातून एकही बार निघाला नाही. पण सासरे तिच्यावर टेकून चालत, आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाला तेवढंच पुष्कळ असतं.

अशा चमत्कारिक बंदुकांची आमच्या भागात वाण नाही. आमच्या भावकीतल्या एकाने तिसगावच्या बाजारातून प्लास्टिकच्या पाइपाची तोफ आणली होती, कार्बाइडवर वाजणारी. रानडुकरं आठवडाभर पळाली. पुढे तिचा आवाज झाला की मधल्या सुट्टीची घंटा झाल्यासारखी मक्यात यायला लागली. एकदा ती वाजली नाही म्हणून या गड्याने पाइपात वाकून पाहिलं, आणि ती तेव्हा वाजली. डोळा थोडक्यात वाचला, भुवई मात्र अजून नीट उगवलेली नाही. नगरला बंदुकीच्या दुकानात एकदा सासऱ्यांबरोबर काडतुसं मिळतात का बघायला गेले होते, तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने आमची काठी बघून खुर्ची पुढे केली आणि जुनी चित्रं काढून दाखवली. सुरीत बसवलेलं पिस्तूल. कमरेच्या पट्ट्यात दडवलेलं पिस्तूल, ज्याचा नेम धरायला शत्रूकडे पोट करून उभं राहावं लागे. सात नळ्यांची एक बंदूक होती, सगळ्या एकदम उडायच्या आणि समोरच्याच्या आधी उडवणारा आडवा व्हायचा. सासरे सगळ्यांना हसले. आपल्या काठीकडे मात्र त्यांनी त्या दिवशी फार मायेने पाहिलं.

एक ना धड भाराभर चिंध्या, हे माझं अशा सगळ्या वस्तूंबद्दलचं मत आहे आणि मी ते घरात बोलूनही दाखवत असे. काठी जमिनीवर टेकायची असते आणि बंदूक जमिनीवर कधीच टेकायची नसते. नळीचं तोंड दर पावलाला मातीत. सासऱ्यांनी त्यावर उपाय म्हणून सायकलच्या हँडलचं रबर टोकाला चढवलं होतं. ते आठवड्यातून एकदा तरी चिखलात राहायचं आणि मग सगळ्या घराने बांधावर शोधत फिरायचं.

हे मत खरं करायला एकदा बिबट्या आला. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता सासरे सकाळी पाटाच्या चारीच्या कडेने गुरांच्या घासाचं पाणी बघायला गेले होते. उसाच्या तोंडाशी, बैलगाडी जाईल एवढ्या अंतरावर तो बसलेला. सासऱ्यांनी बंडीच्या खिशातून काडतूस काढलं. मूठ पिळली, काडतूस सारलं, मूठ बसवली, काठी उचलली, आणि पाहतात तो रबर पुन्हा कुठेतरी पडलेलं आणि नळीत वीतभर काळी माती ठासलेली. अशी बंदूक उडवली तर ती पुढच्याला नाही, आपल्याच हाताला फाडते, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. त्यांनी काठी खाली केली. बिबट्या हा सगळा कारभार संपेपर्यंत बसून होता. मग उठला, आळस दिला आणि उसात गेला. सासऱ्यांनी बाभळीच्या काटकीने नळी कोरून साफ केली आणि घरी येऊन चहाच्या आधी सगळ्यांना गोष्ट सांगितली. दुपारी शेजारच्या वस्तीला सांगितली. संध्याकाळी पारावर सांगितली. ‘लई शहाणं जनावर, मला येळ दिला त्यानं,’ असा तिचा शेवट असे. गोष्ट चांगली होती, आणि आम्ही सगळे ती ऐकण्यात गुंग होतो.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. पोलीस पाटील निरोप घेऊन येतो, हत्यार जातं, निकाल लागला की परत येतं. दुसऱ्यांची बंदूक जाते तेव्हा घरातली एक खुंटी रिकामी होते. आमची जायची तेव्हा सासऱ्यांचे अंगणात जायचे वांधे व्हायचे. मागच्या एका निवडणुकीत ते ओट्यावरून पडले आणि गुडघा सुजला. तेव्हा माझ्या नवऱ्याने गावच्या सुताराकडून हुबेहूब दुसरी काठी करून आणली. शिसवाची, वर काळं रोगण, तशीच वाकडी मूठ. सासऱ्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, बरी हाय. त्यानंतर दोन्ही काठ्या कोपऱ्यात शेजारी शेजारी उभ्या असत आणि लांबून कुठली कोणती हे मलासुद्धा सांगता येत नसे.

या खेपेला पंचायतीच्या निवडणुका आल्या तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं की काठीला नीट कापडाचा गिलाफ शिव, ठाण्यात धुळीत पडते. मी शिवला. त्यांनी स्वतः काठी त्यात घातली, तोंड सुतळीने आवळलं आणि नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ठाण्यात देऊन आले. तिथल्या हवालदाराला त्यांनी बजावलं म्हणे, चाप लई नाजूक झाला हाय, उगाच उघडून हाताळू नका. हवालदार त्यांना वर्षानुवर्षं ओळखतो. त्याने गिलाफासकट चिठ्ठी बांधली आणि आत ठेवली.

मतदानाच्या दिवशी माझी ड्यूटी निघाली नव्हती, म्हणून मी सासऱ्यांना घेऊन शाळेत गेले. रांग मोठी होती, पण म्हाताऱ्यांना पुढे सोडत होते. दारात एक तरुण पोलीस उभा होता, फार अदबीचा. सासऱ्यांना सही करायची होती, बोटाला शाई लावून घ्यायची होती. तो म्हणाला, ‘आणा बाबा, काठी मी धरतो.’ मी जवळ होते, म्हणून सासऱ्यांनी ती माझ्या हातात दिली.

ती जड होती. आणि गार होती.

भीती वाटली हे मी कबूल करते, आणि राग त्याहून जास्त आला. आचारसंहितेत, मतदान केंद्राच्या दारात, पोलिसापासून हातभर अंतरावर मी बंदूक धरून उभी होते, आणि माझे सासरे पडद्याआड निवांतपणे उमेदवारांची चिन्हं वाचत होते. पोलीस पुन्हा म्हणाला, ‘मॅडम, द्या, तुम्हीही मतदान करून घ्या.’ मी म्हटलं की माझं नाव माहेरच्या यादीत आहे. खोटं होतं, माझं नाव त्याच यादीत सासऱ्यांच्या खाली होतं. या खेपेचं माझं मत गेलं ते असं.

घरी येईपर्यंत काठी मीच धरली आणि सासऱ्यांना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालवलं. ओट्यावर बसल्यावर म्हटलं, ‘मामा, ही लाकडाची नाही.’

त्यांनी हात पुढे करून काठी माझ्याकडून घेतली. त्यांनी चूक झाली असं म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. दोन काठ्या, अधू डोळे. पण ते तसं म्हणाले नाहीत. मागच्या वेळी परवाना नवा करायला गेले होते तेव्हा कचेरीतल्या साहेबाने सांगितलं होतं की बाबा, तुमचं वय झालं, आणि असलं छुपं हत्यार आता चालू ठेवता येणार नाही, पुढच्या वेळी जमा केलंत की परत मिळायचं नाही. हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणून लाकडाची काठी ठाण्यात गेली होती.

‘जमीन तुमच्या नावावर केली,’ ते म्हणाले. ‘हीर केली, घर केलं. सरकारात माझं नाव आता त्या परवान्यावरच हाय. ते गेलं की मी फकस्त म्हातारा.’

त्यांना त्या लोखंडाचं काही नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी त्या वस्तूच्या रचनेला हसत आले होते आणि ती ज्या कामाला लागत होती ते काम माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला त्यांची फार दया आली, आणि मास्तरकीच्या सवयीने तोंडातून प्रश्न मात्र भलताच निघाला. मी विचारलं, रिकामी आहे ना?

ते लगेच म्हणाले, रिकामीच हाय. मग त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि मूठ पिळायला लागले. बोटांत जोर नव्हता, मूठ हलेना. त्यांनी ती माझ्यापुढे केली आणि नळीचं तोंड हाताने भिंतीकडे वळवून धरलं. मी पिळली. आत काडतूस होतं. पितळ हिरवं पडलेलं.

बिबट्याचं काडतूस. माती काढली, गोष्ट सांगितली, काडतूस काढायचं राहिलं. साधी बंदूक असती तर खुंटीला टांगण्याआधी कोणीतरी उघडून बघितलीच असती. काठी कोण उघडतं? ती त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दारात, देवळात, लग्नाच्या मांडवात टेकून उभी राहिली होती. माझी धाकटी मुलगी तिचा घोडा करून, मूठ दोन्ही हातांनी मागे ओढत, ‘चल रे’ म्हणत अंगणभर फिरली होती. सासरे कौतुकाने बघत असत. मूठ अर्धी ओढून ती दमायची, एवढ्यावर सगळं थांबलं होतं.

त्यांच्याही डोळ्यांपुढे तेच आलं असावं. मी त्यांना पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. शेवटी म्हणाले, ‘तिला हाक मार.’ ती आली तेव्हा त्यांनी नुसती तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खेळायला जा म्हटलं.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ठाण्यात गेलो. सासऱ्यांनी टेबलावर खरी काठी आणि शेजारी ते काढलेलं काडतूस ठेवलं आणि आपणहून सगळं सांगितलं. हवालदाराने आतून गिलाफ आणून उघडला. निवडणूकभर बंदोबस्तात सांभाळलेली ती सुताराची काठी बघून त्याला हसू आवरेना. त्याचे साहेब मात्र हसले नाहीत. सासऱ्यांना ते थोडं बोलले आणि आम्हा नवराबायकोला पुष्कळ बोलले, आणि ते योग्यच होतं. मग सासऱ्यांनी परवानाही पुढे ठेवला. साहेबांनी विचारलं, बाबा, नक्की ना, परत मिळणार नाही. सासरे म्हणाले, ‘नको. माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई.’ आपल्या तोंडाने हे वाक्य त्यांनी त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं.

आता ते शिसवाच्या काठीवर चालतात. ती हलकी आहे, रबरही सुताराने खिळा मारून बसवलं आहे. मुलगी घोडा मागायला येते तेव्हा ते लगेच देत नाहीत. आधी काठी मांडीवर आडवी घेतात, टोक भिंतीकडे करतात आणि मूठ पिळून बघतात. भरीव लाकूड, त्यात काय निघणार? पण ते रोज पिळतात. गेल्या महिन्यात मूठ हलायला लागली म्हणून नवरा काठी सुताराकडे घेऊन गेला. मूठ अशी ढिली कशी झाली, सुताराला कळेना. त्याने डिंक घालून ती पक्की करून दिली. त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी ती पुन्हा पिळली, आणि मग नातीच्या हातात दिली.