कॅलिफोर्नियातलं इजिप्त आणि सचैल स्नान

माझ्या आई-बाबांना मी इजिप्त दाखवलं, ते कॅलिफोर्नियात.

मूळ बेत खऱ्या इजिप्तचाच होता. आई-बाबा नागपूरहून उन्हाळाभर आमच्याकडे क्युपर्टिनोला येणार आणि परत जाताना आम्ही सगळे मिळून वाटेत कैरोला उतरणार. (पृथ्वी गोल असल्यामुळे कैरो कुठूनही कुठेही जाताना वाटेतच लागतं, अशी माझी समजूत होती.) पण ऐन वेळी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज पुढे ढकललं गेलं, माझी सुट्टी कॅन्सल झाली आणि इजिप्त बुडालं. बुडालं तर बुडालं, हजारो वर्षं ते वाळूत बुडालेलंच होतं! पण आईनं नागपूरच्या अख्ख्या भिशी मंडळाला सांगून ठेवलं होतं.

"आता बायकांना काय सांगू? पिरॅमिडच्या ऐवजी तुझा मॉल पाहून आले म्हणून?"

"आई, काळजी करू नकोस," मी छाती फुगवून म्हणालो. "इजिप्त इथेच आणून ठेवलंय!"

आमच्यापासून दीड तासावर एक छोटंसं इजिप्शियन म्युझियम होतं. बाहेर जाडजूड खांबांचं देऊळ, खाली तळघरात राजाचं थडगं, थडग्यात ममी. त्याच गावात माझा मित्र गिरीश यानं नवं घर घेतलं होतं आणि त्याच शनिवारी संध्याकाळी पाचला त्याची वास्तुशांत होती. प्रसादाचा शिरा आईच्या हातचा, हे आधीच ठरलेलं. "काकू, तुमच्या शिऱ्यावर माझी वास्तू उभी आहे," असं तो फोनवर म्हणाला होता. तेव्हा दुपारी इजिप्त, संध्याकाळी सत्यनारायण! पूजेचे कपडे डिकीत टाकून आम्ही निघालो.

थडग्यात उतरताच माझ्या अंगात गाईड संचारला. "हा राजा पाच हजार वर्षांपूर्वी गेला, आई! हा वास येतोय ना, तो पुजाऱ्यांनी लावलेल्या लेपाचा." (वास ताज्या ऑइल पेंटचा होता. मागच्या आठवड्यात भिंती रंगवल्या असाव्यात.)

माझी नऊ वर्षांची सई कोपऱ्यातली पाटी वाचत होती. "बाबा, धिस साइन सेज..."

"सई, आजी-आजोबांसमोर मराठीत!" मी दटावलं. (पाटीवरच्या 'रेप्लिका'ला मराठीत 'नक्कल' म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हतं. देव असतो तो असा!)

बाबांनी मात्र चष्मा वर करून ती पाटी सावकाश वाचली, माझ्याकडे बघितलं आणि ते मिशीतल्या मिशीत हसले.

आई ममीकडे बघत होती. "म्हणजे हा माणूस खराच आहे?"

"शंभर नंबरी! दात बघ, दात! ओरिजिनल!"

"अस्सं," आई म्हणाली. "मग आता आधी आंघोळ."

पार्किंगमध्ये मला सगळा उलगडा झाला. प्रेत पाहिलं, थडग्यात उतरलो, म्हणजे सचैल स्नान. अंगावरच्या कपड्यांसकट, डोक्यावरून. त्याशिवाय ना पाण्याचा घोट, ना गिरीशच्या नव्या घराचा उंबरा, ना शिरा!

"अगं पाच हजार वर्षं झाली त्याला!" मी म्हणालो.

"सुतक त्याच्या भाऊबंदांचं, ते फिटलं असेल. प्रेत आपण आज पाहिलं."

घरी जाऊन परत यायचं तर पूजा आटोपून आरतीसुद्धा झाली असती. शेवटी मी शरणागती पत्करली. "आई, खोटं आहे ते सगळं. सिमेंटचं! राजा प्लॅस्टरचा!"

"आंघोळ टाळाले आता खोटं बोलून राहिला का?"

"सईला विचार!"

"येस आजी, इट्स टोटली फेक!"

"पोरीलेही शिकवलं! शोभते का?"

"बाबा, तुम्ही पाटी वाचलीत ना? सांगा की!"

"मला काय विचारतोस?" बाबा म्हणाले. "तज्ज्ञ तू!"

बायको मृदुला माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होती, हे जास्त भयंकर होतं. गाडी सुरू केली. रस्त्यानं बाबांनी बोट दाखवलं. "ते काय आहे रे, पाण्याच्या बोगद्यासारखं?"

"कार वॉश."

"माणसं आत बसूनच?"

मी मान डोलावली. मग मागून आईचा आवाज आला, "खिडक्या उघडतात का?"

बोगद्याच्या तोंडाशी उभा असलेला पोरगेलासा नोकर ओरडला, "विंडोज अप, सर!"

"काय म्हणतो तो?"

"खिडक्या बंद करा म्हणतो."

"त्याले सांग, शास्त्र आहे."

मी घसा खाकरून म्हणालो, "रिलिजस रीझन्स." अमेरिकेत यापुढे कोणी वाद घालत नाही. तो दोन पावलं मागे सरला आणि त्यानं हात जोडले की काय केलं कोण जाणे, तेवढ्यात आमची गाडी आत ओढली गेली.

पहिला फवारा थेट आईच्या डोक्यावर. तिनं डोळे मिटून गंगा, यमुना, गोदावरी अशा नद्या मोजायला सुरुवात केली. कावेरीला पोचेपर्यंत गुलाबी फेस आला, मग निळा, मग पिवळा. सई "अगेन! अगेन!" म्हणून किंचाळत होती. बाबांनी पुढच्या सीटवर छत्री उघडली, ती माझ्या कानात! तेवढ्यात हत्तीच्या सोंडेएवढा फिरता ब्रश माझ्या खिडकीतून आत शिरला आणि माझा डावा गाल असा काही घासला की तसा तो लग्नात हळद लागली तेव्हाही घासला नव्हता. त्यावर गरम मेण. शेवटी वादळासारखं वारं, आणि बाबांचे उरलेसुरले केस सरळ उभे!

"झालं एकदाचं," आई तृप्तपणे म्हणाली. "आता चला शिऱ्याले."

पेट्रोल पंपावर कपडे बदलून आम्ही पाचाच्या ठोक्याला गिरीशच्या दारात उभे राहिलो. आईनं शिरा केला. सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळणाऱ्या गुरुजींनी दोनदा मागून घेतला. माझा डावा गाल मात्र दिव्याच्या उजेडात चमकत होता. सगळ्यांनी त्याचं श्रेय सत्यनारायणाला दिलं.

इथे सगळं संपायला हरकत नव्हती. पण प्रसाद वाटता वाटता आईनं इजिप्तची यात्रा वर्णन केली. थडग्याचं दर्शन, मग रंगीत तीर्थ, वर अंग वाळवायची सोय! मुलांकडे राहायला आलेले, दिवसभर खिडकीतून लॉन बघून कंटाळलेले सगळ्यांचे आई-बाप कान टवकारून ऐकत होते. सोमवारीच गिरीशचा फोन आला. "यार, माझे सासू-सासरे विचारतायत, इजिप्तला कधी नेतोस?"

या खेपेला मी शहाणा झालो होतो. थडग्यात उतरायच्या आधीच गिरीशच्या सासूबाईंना सांगून टाकलं, "काकू, हे सगळं नकली आहे बरं का." काकूंचा चेहरा पडला. "घरच्यांना अस्सल आणि आम्हाला नक्कल?"

नाइलाजानं मला राजाला पुन्हा जीव देऊन पुन्हा मारावं लागलं. त्यानंतर शनिवारी-शनिवारी मी अर्ध्या बे एरियाच्या आई-बापांना थडग्यात उतरवलं आणि धुऊन बाहेर काढलं. आयटीत एवढी वर्षं घासून माझं एकच प्रॉडक्ट एकाही तक्रारीविना चाललं, आणि तेही सिमेंटचं होतं!